शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मुलांच्या वाढत्या वजनाबद्दल शिक्षणमंत्र्यांना पत्र कशाला, तो तर आरोग्य खात्याचा विषय, असे आपल्या कार्यालयात कुणीतरी नक्की म्हणेल. म्हणून कारण आधीच सांगते. मूल दवाखान्यात जाते ते आजारी पडल्यावर. शाळेत ते रोज जाते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस ते आपल्या खात्याच्या स्वाधीन असते. या दिवसांत ते शाळेत जेवते किंवा घरचा डबा खाते, फाटकाबाहेर पाच-दहा रुपयांचे काहीतरी घेते, आणि एकतर खेळते किंवा त्याचे खेळायचे राहून जाते. त्याच्या अंगावर चरबी चढणार की नाही, हे बरेचसे इथेच ठरते. म्हणून हे पत्र आपल्याला.

आपल्याकडे मुलांचे कुपोषण म्हटले की मेळघाट आणि नंदुरबार डोळ्यांपुढे येतात, आणि ते यायलाच हवेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि जवळपास २६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. याच वयोगटातली जास्त वजनाची मुले २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती, ती ४.१ टक्क्यांवर गेली. एवढ्याशा काळात दुपटीहून जास्त वाढ! देशाचा आकडा याच काळात २.१ वरून ३.४ वर गेला. म्हणजे आपण देशाच्याही पुढे आहोत.

चार टक्के म्हणजे काय मोठेसे, असे वाटू शकते. जगाकडे पाहिले की या आकड्याची दिशा कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १९९० मध्ये ५ ते १९ वयोगटातली ८ टक्के मुले जास्त वजनाची होती, २०२२ मध्ये ती २० टक्के झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने सांगितले की शाळकरी वयात लठ्ठ मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापेक्षा (९.२ टक्के) पहिल्यांदाच जास्त झाले आहे. त्याला दोनच प्रदेश अपवाद आहेत : सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा आफ्रिका खंड आणि आपला दक्षिण आशिया. हा अपवाद म्हणजे आपल्या हाती उरलेला वेळ आहे. इतर देशांनी हात-पाय हलवले तेव्हा तिथल्या मुलांची एक अख्खी पिढी वाढून गेली होती. आपल्याला आधी हलता येईल.

यात एक गोष्ट खास आपल्या मातीतली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इथली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीचे मूल! २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वाढतक्त्यांत जास्त वजनाची आणि लठ्ठपणाची रेघ पाश्चात्त्य देशांपेक्षा खाली, म्हणजे प्रौढ वयातल्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणारी धरली आहे.

याचा अर्थ असा, की आईच्या पोटात उपाशी राहिलेले मूल पुढे पाकिटांवर वाढले तर त्याला दुहेरी फटका बसतो. कुपोषण गरिबांचे आणि लठ्ठपणा श्रीमंतांचा, ही विभागणी आता खरी राहिलेली नाही. पाच रुपयांचे पाकीट पाड्यावरच्या दुकानातही पोहोचले आहे. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत देशातली सुमारे दहा टक्के शाळकरी आणि किशोरवयीन मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. त्यांतली कितीतरी दिसायला सडपातळच असणार. ‘वाढत्या वयात जाईल’, ‘बाळसे आहे’, ‘खात्यापित्या घरचा आहे’ असे म्हणून आपण जे सोडून देतो, ते बहुतेकदा जात नाही. ते चाळिशीऐवजी विशीत मधुमेह, रक्तदाब आणि यकृताची चरबी घेऊन येते.

आता मुख्य मुद्द्यावर येते. यावर नियम नाहीत असे नाही. मे २०१७ मध्ये आपल्याच खात्याने शासन निर्णय काढून शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, शीतपेये, पिझ्झा-बर्गरसारखे पदार्थ हद्दपार करायला सांगितले. २०२० मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याहून पुढचा नियम केला, तो जुलै २०२१ पासून लागू आहे. जास्त स्निग्धांश, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, फुकट वाटायचे नाहीत, त्यांची जाहिरात करायची नाही. एवढेच नव्हे, तशी पाटी शाळेच्या प्रवेशद्वारावर लावायची आहे.

माझ्या मुलीच्या शाळेच्या भिंतीवर एक पाटी आहे, पिवळ्या रंगात, ठसठशीत अक्षरांत : १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई. दुसरी पाटी नाही. फाटकासमोर रस्ता ओलांडला की टपरी आहे. पाकिटांच्या माळा अगदी खाली, पहिलीतल्या मुलाचा हात पोहोचेल इतक्या खाली लोंबतात. काही पाकिटांत प्लास्टिकचे खेळणे असते. मुले पाकीट आधी बोटांनी चाचपतात, मग घेतात. मधल्या सुट्टीची घंटा झाली की टपरीपुढे रीघ लागते. टपरीवाल्या दादांना मी विचारले, केळी, पेरू, चिक्की का ठेवत नाही? ते म्हणाले, “ताई, केळी दुपारपर्यंत काळी पडतात, नुकसान माझं. पाकीट चार महिने टिकतं. आणि माळा मी लावत नाही, एजन्सीचा पोरगा दर आठवड्याला येऊन लावून जातो. विकलं नाही तर परत नेतो.” साहेब, या माणसावर कारवाई करून हा प्रश्न सुटणार नाही. पाकीट त्याने बनवलेले नाही, माळेची उंचीही त्याने ठरवलेली नाही. पण नियम मोडला जातो तो त्याच्या टपरीवर, आणि ज्यांनी तो पाळून घ्यायचा त्यांचा पत्ता नाही.

पत्ता का नाही, तेही उघड आहे. फाटकाच्या आत आपले खाते. फाटकाबाहेर पदार्थ कसा आहे ते अन्न व औषध प्रशासनाने पाहायचे. टपरी तिथे असावी की नसावी, ते महापालिकेने किंवा ग्रामपंचायतीने. मुख्याध्यापकांना विचारले तर ते म्हणतात, आम्ही भिंतीच्या आतले. अन्न निरीक्षकांकडे अख्खा तालुका असतो. तीन खात्यांच्या मधोमध पडलेले हे पन्नास मीटर कुणाचेच नाहीत. तंबाखूच्या बाबतीत याच राज्यातल्या शाळांनी भिंती रंगवल्या, रस्त्यावर रेघा आखल्या, मुलांच्या फेऱ्या काढल्या. म्हणजे मनावर घेतले की हीच यंत्रणा कामाला लागते.

काहीजण म्हणतील, मुलांना समजावून सांगा, घरी संस्कार करा. समजावायला हवेच. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. रोजच्या खाण्यातले किती ग्रॅम साखरेचे, कुठल्या पेयात किती चमचे, हे मुलांना भिंतीवर दिसावे असा त्यामागचा हेतू. त्या परिपत्रकातच म्हटले आहे की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांत १५ टक्के साखरेतून येतात. हवेत ५ टक्के. हे पाऊल चांगले आहे आणि राज्य मंडळाच्या शाळांनीही ते उचलावे. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या मुलाला पाच टक्क्यांच्या हिशेबाने २५ ग्रॅम साखर पुरे. २५० मिलिलीटरच्या कोलाच्या एका बाटलीतच तेवढी भरते, म्हणजे सहा चमचे. हा हिशेब पाचवीतल्या मुलाला गणिताच्या तासाला करता येतो.

पण ज्या भिंतीवर हा हिशेब लिहिला आहे, तिच्या पलीकडे तीच बाटली थंडगार, हाताशी आणि स्वस्त मिळत असेल, तर फक्त मुलाच्या निग्रहावर विसंबून राहणे अन्यायाचे आहे. आठ वर्षांच्या मुलाने जाहिरातदारांशी एकट्याने झुंजायचे, आणि हरले तर वर्गात ‘ढोल्या’ म्हणून ऐकून घ्यायचे, हे आपण कसे चालवून घेतो?

चिलीने हे चालवून घेतले नाही. तिथे २०१६ पासून साखर, मीठ, स्निग्धांश किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेबाहेर असलेल्या पाकिटावर काळा अष्टकोनी शिक्का छापावा लागतो. आणि शिक्का असलेला पदार्थ शाळेत विकता येत नाही, मुलांना उद्देशून त्याची जाहिरात करता येत नाही, पाकिटावर कार्टून छापता येत नाही. एका शिक्क्याने तीन कामे होतात. शाळेच्या मावशींना, टपरीवाल्याला आणि सहा वर्षांच्या मुलालाही एका नजरेत कळते की हे इथे चालणार नाही. कायद्यानंतरच्या दीड वर्षात तिथली गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. मुलांची वजने काही महिन्यांत उतरतील, अशी अपेक्षा तिथेही कुणी धरली नव्हती. पण काय खाल्ले जाते ते बदलायला लागले. आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी बाजूवर इशारा असावा की दर्जा दाखवणारे तारे असावेत, यावर २०२२ च्या मसुद्यापासून खल चालला आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही त्यात लक्ष घालावे लागले. तोवर मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतून आपला ५० मीटरचा नियम राबवायचा कसा? करांचेही तसेच. सप्टेंबर २०२५ मध्ये गोड पेयांवरचा जीएसटी ४० टक्के झाला, ते उत्तम झाले. पण त्याच दिवशी बिस्किटे, चॉकलेट, नूडल्स आणि फरसाणावरचा कर ५ टक्क्यांवर आला. हे निर्णय आपल्या हातात नाहीत, हे मला कळते. राज्याचा आवाज मात्र आपल्या हातात आहे.

आपल्या हातात याहून मोठी गोष्ट आहे : शालेय पोषण आहार. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, असे या योजनेचे माप आहे. दुपारी पोटभर गरम जेवलेले मूल टपरीकडे कमी वळते, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. म्हणून या ताटात भात वाढवून भागत नाही, प्रथिने हवीत. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्याला केळे सुरू झाले होते. जानेवारी २०२५ च्या निर्णयाने अंड्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि शाळांना लोकवर्गणीचा रस्ता दाखवला गेला. ज्या गावाला मुलांसाठी अंडी हवीत, त्याच गावाकडे बहुधा वर्गणी काढायची ऐपत नसते. खुजेपणा आणि लठ्ठपणा या दोन्हींवर एकाच वेळी चालणारे औषध म्हणजे चांगले जेवण. ते काटकसरीत बसवू नका.

जपानमध्ये शाळेतले जेवण १९५४ च्या कायद्याने चालते आणि २००५ पासून शाळांत पोषण शिकवणारे शिक्षक नेमले जातात. मुले जेवण स्वतः वाढून घेतात, एकत्र जेवतात, आवरतात. जेवण हा शिकण्याचाच भाग धरला जातो. श्रीमंत देशांमध्ये मुलांचा लठ्ठपणा सर्वांत कमी असलेल्यांत जपान आहे, त्यामागे याचाही वाटा आहे. आपल्याकडे कितीतरी शाळांत परसबागा आहेत, स्वयंपाक करणाऱ्या ताई आहेत, ज्वारी-बाजरी-नाचणीचे धडे आहेत. फक्त आपण त्यांना शिक्षण मानत नाही, आहारवाटप मानतो.

आणि मैदान. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे लिहिले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असेही लिहिले आहे. प्रत्यक्षात वेळापत्रकातला पीटीचा तास हा इतर विषयांचा राखीव साठा आहे. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो, अभ्यासक्रम मागे पडला की विज्ञानाला. आठवड्यात दोनच तास, त्यातला एक असा गेला की मुलांना धावायला उरते ती मधली सुट्टी, आणि ती टपरीपुढे संपते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या खात्याने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असे सांगितले, मुलांच्या झोपेचा विचार करून. तेव्हाही ‘जमणार नाही’ म्हणणारे होते. खात्याने निर्णय घेतला. झोपेइतकाच खेळही मुलाच्या वजनाशी जोडलेला आहे.

शेवटचा मुद्दा वजनकाट्याचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली, याचा अभिमान वाटतो. त्याची पथके शाळांत येतात, तपासतात. पण त्या कार्यक्रमाच्या मूळ तीस आजारांच्या यादीत तीव्र कुपोषण आहे, लठ्ठपणा नाही. मुलांची उंची-वजने नोंदली जातात आणि रजिस्टरात राहतात. पालकांपर्यंत वाढतक्ता क्वचित येतो. त्यातही अनेक ठिकाणी वजन सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचले जाते. जाड मुलगी त्या दिवसापासून पोट दुखते म्हणून घरी राहते. मुलाला लाजवून त्याचे वजन उतरत नाही. ते लपून खायला आणि खेळ टाळायला मात्र शिकते.

तर मागण्या या आहेत :

१. येत्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक शाळेच्या फाटकावर ५० मीटरच्या नियमाची मराठी पाटी लावावी. तिच्यावर जबाबदार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक असावा. शिक्षण, अन्न व औषध प्रशासन आणि स्थानिक संस्था यांचा एकत्रित आदेश निघावा आणि वर्षातून एकदा तालुक्याचा अहवाल लोकांसमोर ठेवावा.

२. टपरीवाल्यांना उठवण्याआधी पर्याय द्यावा. चणे-शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की, उकडलेले कणीस, फळे यांचा पुरवठा महिला बचत गटांमार्फत व्हावा आणि न खपलेल्या मालाचे नुकसान एकट्या विक्रेत्यावर पडू नये.

३. खाद्यपदार्थ व शीतपेयांच्या कंपन्यांच्या नावाने शाळांत स्पर्धा, बक्षिसे आणि नमुनेवाटप पूर्ण बंद व्हावे.

४. पोषण आहारात अंड्याची आणि अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी तोडीस तोड प्रथिनांची तरतूद राज्याच्या तिजोरीतून कायमची व्हावी.

५. पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देता येणार नाही असा आदेश निघावा, आणि ज्या शाळांना मैदान नाही त्यांना जवळचे पालिकेचे मैदान ठरलेल्या वेळी मिळावे.

६. वर्षातून दोनदा उंची-वजन खासगीत घ्यावे, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या तक्त्यावर मांडून पालकांच्या हाती द्यावे आणि गरज असलेल्या मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायची सोय असावी.

७. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर स्पष्ट इशारा छापला जावा, यासाठी महाराष्ट्राने केंद्राकडे लेखी आग्रह धरावा.

यातल्या बहुतेक मागण्यांना नवा कायदा लागत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, २०१७ चा शासन निर्णय आहे, २०२० चा नियम आहे. लागते ते एवढेच, की मंत्र्याने विचारावे : माझ्या राज्यातल्या किती फाटकांवर ही पाटी आहे?

हे पत्र वाचणाऱ्या पालकांनाही एक विनंती. आपापल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हाच प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. समितीत निम्म्याहून अधिक, खरे तर तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे कायदाच सांगतो. तो अधिकार वापरा. आणि मंत्रिमहोदय, शाळांतून हा प्रश्न आपल्यापर्यंत येण्याआधी आपला आदेश शाळांपर्यंत जाऊ द्या.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीतील एक पालक